अकरा मशीन, आयडी मात्र एकच

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात अकरा जुने कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. मुलं मराठी टाइप करतात ती लोहित देवनागरी फॉन्टवर. कुठलं पॅकेज (प्रोग्राम, फॉन्ट वगैरे) किती मशीनवर बसलंय याचा अंदाज डेबियन बनवणाऱ्यांना 'पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट' नावाच्या मोजणीतून येतो, पण आपण होकार दिला तरच. इन्स्टॉल करताना हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर आधीच 'नाही' वर असतं. मीही वर्षानुवर्षं एंटर मारून पुढे जात होतो.

माझे आजोबा शिरगणतीवाला दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहून होईपर्यंत त्याच्या पेनावरची नजर काढत नसत. सीमाभागाच्या वादात 1951 च्या जनगणनेचे आकडे अजून काढले जातात. अशा घरात वाढून मी अकरा मशीन मोजणीबाहेर ठेवली, हे लक्षात आलं तेव्हा फार लागलं.

कमिटीतल्या एका वयस्कर सभासदांनी विचारलं, "वाचकांची नावं जातात काय हो त्यात?" रास्त प्रश्न. मी पाठवायच्या यादीची फाईलच उघडून दाखवली. पॅकेजची नावं, त्यातली कुठली फाईल शेवटी कधी वापरली ती वेळ, आणि वर मशीनचा एक आयडी. वाचकाचं नाव कुठेच नाही. आठवड्यातून एकदा एवढंच जातं, आणि डेबियन सगळ्यांची बेरीज जाहीर करतं. परवानगी मिळाली. सगळीकडे 'यस' केलं.

दोन-तीन आठवडे मी निर्धास्त होतो. मग मदतीला येणाऱ्या पोराने दोन मशीनच्या फाईली शेजारी शेजारी लावल्या. "काका, दोन्हीचा आयडी एकच हाय की!"

बत्तीसच्या बत्तीस अक्षरं तीच. सगळी मशीन मी एकाच हार्डडिस्कवरून क्लोन केली होती, म्हणजे तिचीच हुबेहूब नक्कल उतरवली होती, त्यामुळे आयडीही तसाच उतरला होता. म्हणजे तिकडे अकरा मशीन मिळून एकच धरलं जाणार! मग प्रत्येकावर बसून इटीसी फोल्डरमधल्या पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्टच्या सेटिंग फाईलमधला माय-होस्टआयडी, म्हणजे मशीनचा आयडी, रिकामा केला, सेटिंग पुन्हा करणारी डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही कमांड चालवली, की नवा आयडी तयार. मधे दोनदा लाईट गेली, संध्याकाळ त्यातच सरली.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. लिब्रेऑफिस (ज्यात टाइप करतात तो प्रोग्राम) 'वापरात' मोजलं जातं, कारण त्यात चालवायचा प्रोग्राम आहे. फॉन्टमध्ये तो नसतो, म्हणून लोहितच्या ओळीपुढे 'नोफाइल्स' (मोजायला फाईल नाही) एवढंच येतं. फॉन्ट बसवलाय हे कळतं. त्यात रोज निबंध लिहिले जातात हे कळत नाही. मला याची हळहळ वाटते.

अकराही आयडींची पहिली चार अक्षरं डेडस्टॉक रजिस्टरात त्या त्या मशीनपुढे लिहून ठेवली आहेत. बारावं मशीन यायचंय, त्याचा रकाना आखून ठेवलाय.