सही फक्त तिचीच

नागपुरातल्या आमच्या महिला समुपदेशन केंद्रात आलेल्या एका बाईंसोबत मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेले होते. तांबी बसवलेली असतानाही त्यांना दिवस गेले होते, गर्भ नऊ आठवड्यांचा होता आणि तिसरे मूल नको हा त्यांचा निर्णय पक्का होता. काउंटरवर उत्तर मिळाले, "नवऱ्याची सही आणा." नवरा ट्रक घेऊन परराज्यात गेलेला. कायद्याने ठरवून दिलेल्या संमतीपत्रावर सज्ञान स्त्रीच्या एकटीच्या सहीची जागा असते. इथे मात्र तिच्याखाली 'पतीची सही' असा रबरी शिक्का मारलेला होता. बाई म्हणाल्या, "पोट माह्यं, जीव माह्या, अन् सही त्यायची कायले?"

मी डॉक्टरांना भेटले. 1971 चा गर्भपात कायदा स्त्रीच्या हक्काची भाषा बोलत नाही, आजही त्यात डॉक्टरांच्या मताला निर्णायक स्थान आहे. तरी पतीची संमती तो मागत नाही, आणि कुटुंबीयांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांनी ते अमान्य केले नाही. त्यांनी सांगितली ती धास्ती: लिंगनिदानाच्या कायद्याखाली तपासण्या होतात, उद्या घरचे भांडायला आले तर हाती कागद हवा.

हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण लिंगनिदानावर बंदी यावी म्हणून महाराष्ट्रातल्या स्त्री संघटनांनीच लढा दिला, त्यातून 1988 मध्ये राज्याचा आणि 1994 मध्ये देशाचा कायदा झाला. मुलींचा गर्भ वाचवण्यासाठी मिळवलेला तो कायदा कायदेशीर गर्भपात मागणाऱ्या बाईला परत पाठवण्याचे निमित्त व्हावा, हे कुणाही कार्यकर्तीने मागितले नव्हते. शिवाय नवव्या आठवड्यात सोनोग्राफीवर लिंग कळत नाही, हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी ते बोलून दाखवले. त्यांनी नवा फॉर्म मागवला, बाईंनी सावकाश पूर्ण नाव लिहिले आणि त्याच दिवशी उपचार सुरू झाले.

तो शिक्का बंद करण्याचे रुग्णालयाने मान्य केले आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, असा मराठी फलक काउंटरवर लावावा, ही आमची लेखी मागणी मात्र अजून प्रलंबित आहे आणि तिचा पाठपुरावा आम्ही करत आहोत.