ताईशिवाय पनामा

बोटीवरच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही केबिनचे दार उघडले, तेव्हा तीन बिछाने घातलेले होते, तीन टॉवेल घडी करून ठेवले होते आणि तिन्ही उशांवर एकेक चॉकलेट होते. प्रवाशांच्या यादीतून ताईचे नाव अजून कमी झालेले नव्हते. यजमानांनी तिसऱ्या उशीवरचे चॉकलेट उचलून माझ्या हातात दिले आणि ते काही न बोलता सज्जात जाऊन उभे राहिले. फ्लोरिडाहून निघून पनामा कालव्यात शिरणारी आणि कोस्टा रिका, पनामा, कोलंबिया करून परत येणारी ही अकरा दिवसांची समुद्रसफर मुळात ताईच्या हौसेने ठरली होती. चाळीस वर्षे शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवताना फळ्यावर खडूने काढलेला तो कालवा तिला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. तो तिला पाहता आला नाही, याचे कारण म्हणजे एक प्रश्न जो पैसे घेताना विचारला जायला हवा होता आणि विचारला गेला नाही. हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहीत आहे.

आम्ही सहल सहा महिने आधी नक्की केली. सहल आयोजकांनी पासपोर्टच्या प्रती, व्हिसाची कागदपत्रे, विम्याचा अर्ज, अगदी जेवणात कांदा-लसूण चालतो का इथपर्यंत सगळे विचारून घेतले. प्रकृतीविषयी विचारले ते फक्त विम्यापुरते. लशींचा विषय कोणी काढला नाही. निघायला चोवीस दिवस उरले असताना न्यू जर्सीहून माझ्या मुलीचा फोन आला. बोट कंपनीचे पत्र तिने शेवटपर्यंत वाचले होते आणि त्याच्या सहाव्या पानावर पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ ठेवण्याची सूचना होती. ते पत्र माझ्याकडेही आलेले होते. मी बंदरांची नावे आणि जेवणाच्या वेळा वाचल्या आणि पुढची पाने तशीच ठेवली, हे मला इथे कबूल केले पाहिजे.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळी यादीच समोर मांडली. फ्लूची लस सर्वांनी घ्यायची, कारण बोटीवर पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांतली माणसे एकाच भोजनगृहात बसतात आणि फ्लूला तिथे ऋतूचे बंधन राहत नाही. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती त्यांनी आम्हाला त्याच दिवशी टोचली. धनुर्वात आणि घटसर्पाचा बूस्टर, टायफॉइडची लस आणि ताईला वयामुळे न्यूमोनियाची लस असे पुढचे वेळापत्रक त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. हिपॅटायटिस ए या काविळीबद्दल ते म्हणाले, की आपल्या पिढीतल्या बहुतेकांना ती लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, तेव्हा आधी रक्त तपासू. तिघांच्याही रक्तात प्रतिपिंडे निघाली. बोटींवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर मात्र लस नाही आणि बाटलीतले सॅनिटायझरही त्याच्यावर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय, असे त्यांनी दोनदा बजावले. पीतज्वराची लस त्यांच्याकडे मिळणार नव्हती. ती सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच देतात. आम्हाला तारीख मिळाली ती निघण्याच्या अठरा दिवस आधीची, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, एवढा हिशेब जुळला म्हणून आम्ही निर्धास्त झालो.

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून आम्ही मुंबईच्या बंदर भागातल्या त्या केंद्रावर साडेनऊला पोहोचलो. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात लशीचा फ्रीज आणि पंधरा-वीस माणसे. या लशीच्या एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून नावे जमवून ठरावीक दिवशीच लसीकरण करतात. माझ्या शेजारी गुहागरकडचा एक खलाशी आपल्या चुलतभावाला घेऊन बसला होता. त्या मुलाची ही पहिलीच बोट. खलाशाने स्वतःची पिवळी पुस्तिका मला दाखवली. घड्यांवर पांढरी पडलेली, २००९ सालचा शिक्का असलेली. पूर्वी हे प्रमाणपत्र दहा वर्षे चालत असे. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार ते आयुष्यभरासाठी धरले जाते आणि जुन्या पुस्तिकांनाही तोच नियम लागू आहे. "काकू, आमच्यात पासपोर्ट, सीडीसी आणि हे पिवळं पुस्तक एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. यातलं एक राहिलं तरी बोट सुटली म्हणायची," तो म्हणाला. सीडीसी म्हणजे खलाशांचे नोंदणीपुस्तक. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना हे जितके स्वच्छ माहीत आहे, तितके आमच्यासारख्या हौशी प्रवाशांना सांगायला कोणीच का नसावे, हा विचार मला तिथे पहिल्यांदा आला.

ताई खुशीत होती. भारतातली पहिली देवीची लस याच मुंबईत १८०२ साली अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, हे ती त्या नवख्या मुलाला वर्गात सांगावे तसे सांगत होती, आणि दंडावर सुई घ्यायला घाबरणारा तो मुलगा भान हरपून ऐकत होता.

मग तिचे नाव पुकारले गेले. आत बसलेल्या डॉक्टरबाई प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत होत्या. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. थायमस ग्रंथीचा काही आजार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का. सध्या कोणती औषधे चालू आहेत. ताईने पर्समधून आपली औषधांची यादी काढली. दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानाच्या मागे, शिरोरेघा ओढून, फळ्यावर लिहावे तशी लिहिलेली. ताईला बारा वर्षांपासून संधिवात आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि दर महिन्याला एक बायोलॉजिक प्रकारचे इंजेक्शन यांवर तिचे हातपाय चालतात. डॉक्टरबाईंनी यादी वाचली, हातातले पेन खाली ठेवले आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

"मॅडम, ही लस मी तुम्हाला देऊ शकत नाही."

ताईला वाटले, काही कागद कमी असेल. ती पुन्हा पर्स उघडू लागली. डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून समजावून सांगितले. या लशीत क्षीण केलेला पण जिवंत विषाणू असतो. प्रतिकारशक्ती धडधाकट असलेल्या माणसाचे शरीर त्याला आवर घालते. ताईची औषधे मात्र तीच शक्ती दाबून ठेवण्यासाठी दिलेली आहेत. लशीतला विषाणूच तिच्या शरीरात मोकाट सुटू शकतो. शिवाय साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता मुळातच थोडी अधिक असते आणि ताई अडुसष्ट वर्षांची आहे. फ्लूची लस निर्जीव विषाणूची असल्याने ती चालली. ही चालणार नाही. लस का देता येत नाही याचे पत्र त्या देऊ शकत होत्या, पण ते पत्र मानायचे की नाही, हे ज्या-त्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या हाती असते, हेही त्यांनी लपवले नाही.

ताईने एकच विचारले. "पत्र मानलं नाही तर?"

तर, पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या माणसाला ती मुदत पुरी होईपर्यंत विलग ठेवता येते. कोलंबियातले कार्ताहेना बंदर सोडल्यापासून पाचव्या दिवशी आम्ही मुंबईत उतरणार होतो. परतीचे विमान पुढे ढकलावे, तर ताईच्या इंजेक्शनची तारीख त्याच आठवड्यात होती. ताईने यादीची पुन्हा चार पदरी घडी केली, ती पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही नीट विचारलंत." बाहेर येऊन ती माझ्या शेजारी बसली. माझे आणि यजमानांचे नाव अजून यायचे होते. आम्हीही जाऊ नये असे मी म्हटले, तेव्हा ती मला लहानपणी रागवायची तशीच रागावली. यजमान चौसष्ट वर्षांचे. डॉक्टरबाईंनी त्यांनाही धोका नीट सांगितला, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या आणि त्यांनी विचार करून होकार दिल्यावरच लस टोचली. त्या वेळी ताई त्यांचा शर्ट हातात घेऊन उभी होती.

सहल आयोजकांनी ताईचे दोन लाख दहा हजार रुपये परत केले नाहीत, कारण रद्द करण्याची मुदत उलटून गेली होती. पैशांचे दुःख ताईने एका दिवसात विसरले. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. सहा महिने आधी "तुमची कोणती औषधे चालू आहेत" एवढे विचारले असते, तर ताईच्या संधिवाताच्या डॉक्टरांचा सल्ला घेता आला असता. त्यांनीही नकोच म्हटले असते, तर आम्ही जिवंत लशीची गरज नसलेला दुसरा मार्ग निवडला असता आणि तिघेही गेलो असतो. ज्येष्ठांच्या सहली विकणाऱ्यांनी हा प्रश्न कांदा-लसणाच्या आधी विचारला पाहिजे.

बोटीबद्दल फार लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. जेवण भरपूर, गर्दी त्याहून भरपूर आणि चौथ्या दिवसापासून नाट्यगृहात गाण्यापेक्षा खोकलाच जास्त ऐकू येत होता. फ्लूची लस घेतल्याचे समाधान मला तिथे रोज वाटले. आमची केबिन सांभाळणारा मडगावचा तरुण फार मायाळू होता. तिसरा बिछाना का नको, हे कळल्यावर त्याने तो भिंतीत वर ढकलून बंद केला आणि पुढे एकदाही त्याचा विषय काढला नाही. कोस्टा रिकाचा दिवस पावसात गेला. कार्ताहेनाची तटबंदी सुंदर आहे, पण तिच्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती.

कालव्याचा दिवस मात्र मी पहाटे साडेचारपासून डेकवर उभे राहून काढला. गातूनच्या तीन पायऱ्यांच्या जलपाशांत बोट एका बंदिस्त हौदात शिरते, मागचे दरवाजे मिटतात, खालून पाणी भरते आणि एवढे अवाढव्य धूड कसलाही धक्का न जाणवता वर उचलले जाते. तिसऱ्या हौदातून बाहेर पडताना आपण समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंचावर, गातून सरोवरात असतो. दोन्ही काठांवर रुळांवरून चालणारी विजेची इंजिने दोरखंडांनी बोट मधोमध धरून ठेवतात; त्यांना तिथे खेचरेच म्हणतात. माझ्यासमोरच्या काँक्रीटच्या भिंतीवर शंभर वर्षांच्या बोटींनी घासलेले काळे पट्टे होते, हात लांब केला असता तर लागले असते.

ध्वनिक्षेपकावरून इतिहास सांगत होते. सुएझ कालवा खणणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये इथे काम सुरू केले आणि १८८९ मध्ये तिचे दिवाळे निघाले. तोवर पीतज्वर, मलेरिया आणि अपघात यांनी सुमारे २२,००० माणसे गेली होती, असा अंदाज आहे. आंकोनच्या फ्रेंच रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, आणि त्याच वाट्यांत डास वाढून रुग्णांना चावत होते. पीतज्वर डास पसरवतात हा संशय क्यूबातल्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडला होता. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने हवानात तो सिद्ध केला. त्यानंतर अमेरिकेच्या कारकिर्दीत विल्यम गॉर्गस यांनी पनामात डबकी, पिंपे आणि हौद यांचा पिच्छा पुरवून पीतज्वर हटवला, तेव्हा कुठे १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. माझ्या दंडात गेलेली १७डी ही लस मॅक्स थीलर यांनी त्याहूनही नंतर, १९३७ मध्ये तयार केली.

त्या वाट्यांपाशी माझे मन अडकले. दुपारी बोटीच्या वायफायवरून मी ताईला फोन लावला आणि ती गोष्ट सांगितली. ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे आपल्या माजघरातल्या दुधाच्या कपाटाखाली होत्या तशाच? आई दर शनिवारी त्या पालथ्या घालायची." तशाच. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यू तोच देतो आणि पावसाळ्यात आरोग्यसेविका दारावर येऊन आठवड्याचा एक दिवस कोरडा पाळा म्हणून सांगतात ते त्याच्याचमुळे. विषाणू मात्र आपल्या देशात अजून आलेला नाही. विमानतळावरचा तो पिवळ्या पुस्तिकेचा आग्रह माझ्यापेक्षा डोंबिवलीतल्या माझ्या शेजाऱ्यांसाठी आहे, ताईसारख्या लस घेऊच न शकणाऱ्या माणसांसाठी आहे. ताईला मी हे म्हटले, तर ती म्हणाली, "मग नीट सांभाळून आण ते पुस्तक."

मुंबईत उतरल्यावर आरोग्य कक्षातल्या अधिकाऱ्यांनी पुस्तिकेवरची तारीख पाहिली, बोटांवर दहा दिवस मोजले, पासपोर्टचा क्रमांक ताडून पाहिला आणि आम्हाला जाऊ दिले. दोन मिनिटांचे काम.

ताईला मी गातूनचा नकाशा आणि ते पहिल्या रात्रीचे चॉकलेट आणून दिले. तिने नकाशा भिंतीला लावला आहे. पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेचे फियोर्ड पाहायचे तिने मनावर घेतले असून, नव्या सहल आयोजकांकडे ती स्वतः गेली होती. आगाऊ रक्कम भरण्याआधी तिने शिरोरेघा ओढून लिहिलेली औषधांची यादी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि या मार्गावर कोणकोणत्या लशी लागतात, त्यांतल्या जिवंत कोणत्या, याचे उत्तर लेखी मागितले. ते उत्तर आल्यावर ती संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवणार आहे आणि मगच चेक लिहिणार आहे.