भूतानला फोन लागतो का?

भूतानला ग्रुप घेऊन जाते म्हटलं की हॉटेल-जेवण राहतं बाजूला, पहिला प्रश्न ठरलेला, 'ताई, तिकडे फोन लागतो का हो?' आणि त्याच्या मागोमाग, 'तिथे म्हणे टीव्हीच नव्हता?' तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

फोन लागतो. बी-मोबाइल नाहीतर ताशीसेलचं टुरिस्ट सिम घ्या, आपलं कार्ड रोमिंगवर ठेवाल तर बिल बघून घाम फुटेल. मोबाइल तिथे २००३ मध्ये आला, आणि दऱ्याखोऱ्यांतून तारा ओढणं किती अवघड ते रस्ते बघितले की कळतंच, त्यामुळे कित्येक गावांनी लँडलाइन बघितलीच नाही, डायरेक्ट मोबाइल.

टीव्हीचं खरंय. २ जून १९९९ ला, चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाला २५ वर्षं झाली तेव्हा सुरू झाला, इंटरनेटही त्याच महिन्यात. त्याआधी डिश लावायलाच बंदी होती, म्हणजे परवडत नव्हता म्हणून नाही, नको म्हणून नव्हता. मग केबलवरून आपल्या हिंदी सिरियली घुसल्या त्या घुसल्याच, थिंफूच्या दुकानात घासाघीस बिनधास्त हिंदीत करा.

पण रेडिओचं कुणीच विचारत नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे. १९७३ मध्ये तरुण पोरांच्या एका संघटनेने तो सुरू केला, तोही फक्त रविवारी थोडा वेळ. पुढे १९८६ ला त्याचं बीबीएस, म्हणजे भूतान ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस झालं, १९९१ ला मोठा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसला. शॉर्टवेव्हच का, तर एफएम सरळ जातो आणि समोरच्या डोंगरावर आपटतो, शॉर्टवेव्ह आभाळावरून उलटून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. बातम्या चार भाषांत, झोंगखा, शारचोप, नेपाळी आणि इंग्रजी, कारण खोरं बदललं की बोली बदलते.

आता खोऱ्याखोऱ्यांत आवाज पोचवायचं ते काम वीचॅट करतं, आपल्याकडे बंद झालं तेच चिनी मेसेजिंग अ‍ॅप. आमच्या ड्रायव्हरदादांच्या आईला लिहिता-वाचता येत नाही, पण फोन तोंडाशी धरून, बटण दाबून मुलाला झापते आणि दादा घाटात गाडी बाजूला घेऊन ते सगळं मुकाट ऐकतात.

हां, आणि सीमेवरच्या फुंटशोलिंगमध्ये फोन पलीकडच्या, आपल्या हद्दीतल्या जयगावचं नेटवर्क पकडून बसला तर वेळ आपलीच दाखवतो. भूतान अर्धा तास पुढे आहे, गाडी त्यांच्या वेळेने सुटते.