भरती नसलेलं पाणी

होडी मीच चालवणार, हे मी ड्युसेलडॉर्फहून निघालेल्या ट्रेनमध्येच जाहीर करून टाकलं होतं. वेंगुर्ल्याच्या माणसाला होडी काय शिकवायची! बायको सदाशिव पेठेतली. तिनं फक्त भुवया वर केल्या. नऊ वर्षांच्या लेकीनं मात्र सरळ विचारलं, "बाबा, तू खरंच चालवली आहेस कधी?" खरं सांगायचं तर मांडवीच्या खाडीत होडी चालवायचे ते आमचे आबा. मी मधल्या फळीवर बसून करवंटीनं पाणी उपसायचो. पण अॅमस्टरडॅम येईपर्यंत एवढ्या तपशिलात शिरायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी अकराला प्रिन्सेनग्राख्तच्या धक्क्यावर पोचलो. ग्राख्त म्हणजे कालवा. उच्चार करताना घशात बांगड्याचा काटा अडकल्यासारखा आवाज आला की जमलं समजायचं. भाड्याच्या बोटी बॅटरीवर चालणाऱ्या, आवाज जवळजवळ नाहीच. इथे पंधरा मीटरपेक्षा छोट्या आणि हळू चालणाऱ्या बोटीला परवाना लागत नाही. धक्क्यावरच्या पोरानं पाच मिनिटांत सगळं उरकलं: उजव्या बाजूनं चालवा, ताशी सहा किलोमीटरच्या वर जाऊ नका, पुलाखाली उभं राहू नका, आणि सुकाणूचा दांडा जिकडे वळायचंय त्याच्या उलट ढकला.

शेवटची सूचना मी ऐकली होती. हाताला मात्र ती कोणी सांगितली नव्हती.

पहिल्याच पुलाशी समोरून काचेच्या छपराची लांबलचक टुरिस्ट बोट आली. मी घाबरून दांडा उजवीकडे दाबला. नाळ, होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळली, थेट त्या बोटीच्या वाटेत. भोंगा वाजला. पन्नास-साठ माणसांनी काचेतून एकदम आमच्याकडे पाहिलं, त्यातल्या काहींनी फोटोही काढले. मी उलटा रेटा दिला आणि आमची होडी पुलाच्या दगडाला घासत, धडकत, आडवी होऊन थांबली. लागलं कोणाला नाही. बोटीच्या कडेनं जाड दोर गुंडाळलेला का असतो, हे तेवढं कळलं. बायको काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढची तीन मिनिटं लेक दर वळणाला ओरडत होती, "उलट, बाबा, उलट!"

मग हात बसला. सहा किलोमीटरचा वेग म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाचा. त्या वेगानं शहर बघायचं सुख वेगळंच. पाण्यावरून बघताना घराचा पायाही दिसतो आणि शेंडाही, आणि इथली घरं बघायची ती अशीच. अरुंद, उंच, चार-पाच मजली. प्रत्येकाच्या शेंड्याला पुढे आलेली तुळई आणि तिला लोखंडी हूक. जिने इतके चिंचोळे की सामान आतून चढतच नाही, म्हणून दोर लावून बाहेरून ओढतात. पूर्वी मसाल्याची पोती माळ्यावर जायची, आता कपाटं जातात. बरीच घरं रस्त्याकडे चक्क झुकलेली आहेत. वर चढणारं सामान भिंतीवर आपटू नये म्हणून ती बांधतानाच पुढे कललेली ठेवली. पण काही घरं एकमेकांच्या खांद्यावर रेललेली दिसतात, ती मात्र बांधणाऱ्याची करामत नव्हे. तिथे खाली पाया खचलाय.

एवढ्यात फोन वाजला. दुपारची झोप काढून उठलेले आबा. व्हिडिओवर पाणी दाखवलं. त्यांनी ना घरं बघितली, ना पूल.

"पाण्याक भरती-सुकती आसा काय रे थयसर?"

मी धक्क्याच्या भिंतीकडे पाहिलं. आपल्या बंदरात ओल्या-सुक्याची रेघ असते, कालवं-शिंपल्या चिकटलेल्या असतात, शेवाळाचा पट्टा असतो. इथे पाण्यापासून वीतभर वर भिंत कोरडी ठणठणीत, आणि शेवाळाची रेघ पट्टीनं मारल्यासारखी.

"नाय, आबा. दिसत नाय."

"समुद्र जवळ आणि भरती नाय? मगे ता पाणी जिता कसा?"

प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं. उरलेली सफर मी त्याच प्रश्नाच्या शेपटीला धरून केली, असं म्हणायला हरकत नाही.

रेख्युलीर्सग्राख्तमधून हेरेनग्राख्तला लागलो. त्या कोपऱ्यावर मागे वळून बघायचं असतं. सात कमानी एकीच्या पोटात एक दिसतात. तिथे होड्यांची ही गर्दी! एक हात सुकाणूवर ठेवून मी चारच मोजल्या. लेक म्हणते सात होत्या. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त, म्हणजे श्रीमंतांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा कालवा. तिन्ही १६१३ पासून खणायला घेतले आणि २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. हेरेनग्राख्तवर वाडे आहेत, सुंदर आहेत, पण मला तिथे करमलं नाही. प्रिन्सेनग्राख्तवरच्या हाउसबोटी बऱ्या. छपरावर टोमॅटोच्या कुंड्या, दोरीवर वाळत टाकलेले मोजे, खिडकीत एक अत्यंत तुसडं मांजर.

पुढे आम्स्टेल नदी. उजवीकडे पांढरा लाकडी माखरे ब्रुख, म्हणजे चक्क 'हडकुळा पूल', आणि त्याच्या पलीकडे नदीवर आडवे झडपांचे दरवाजे. आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे होतं. हे सतराव्या शतकातले. पूर्वी शहराच्या उत्तरेला खारं पाणी होतं आणि भरती-ओहोटी थेट शहरात शिरायची. १८७२ मध्ये बंदराच्या पूर्वेला मोठी झडप बांधून भरतीची वाट तोडली, आणि १९३२ मध्ये तर बत्तीस किलोमीटरचा बांध घालून समोरच्या आखाताचंच गोडं तळं करून टाकलं. आता पाणी हलवायचं तर माणसांनी. ठरलेल्या रात्री काही झडपा लावतात, काही उघडतात, ताजं पाणी आत घेऊन शिळं बाहेर ढकलतात. आबांच्या भाषेत, पाणी असं जितं ठेवतात. वास विचाराल तर नव्हता. हो, गाळातून दरवर्षी हजारो सायकली काढतात. आम्हालाही एका वळणावर पाण्याबाहेर आलेलं एक हॅन्डल दिसलं.

उरलेलं अर्धं उत्तर पायाखाली होतं. हे शहर दलदलीवर आहे. घरं उभी आहेत ती मऊ मातीतून दहा-बारा मीटर खाली वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. डाम चौकातला राजवाडा १६४८ मध्ये नगरसभागृह म्हणून बांधायला घेतला, त्याच्याखाली १३,६५९ खांब आहेत. इथली पोरं हा आकडा सोपा करून पाठ करतात: वर्षाचे दिवस ३६५, आधी १ लावा, मागे ९. हे खांब पाण्याखाली आहेत तोवर टिकतात. पातळी उतरून डोकी उघडी पडली, हवा लागली, की कुजायला लागतात. संध्याकाळी हे आबांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "होडयेचा तसाच. पाण्यात आसा तवसर लाकूड बरा. भिजता-सुकता थयसरच कुजता."

म्हणजे इथे सुकती येऊन चालणारच नाही. कालव्यांची पातळी वर्षभर, उंची मोजायचं त्यांचं जे ठरलेलं शून्य आहे, त्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली राखलेली असते. धक्क्यांच्या भिंतीही अशाच खांबांवर आहेत. घोडागाडीच्या काळात बांधलेल्या त्या भिंतींवर आता ट्रक उभे राहतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ग्रिमबुर्गवाल नावाच्या कालव्याच्या भिंतीचा एक तुकडा पाण्यात कोसळला, तेव्हापासून जागोजाग डागडुजी चाललीय. आम्हीही दोन ठिकाणी लोखंडी पत्र्यांच्या टेकूंना वळसा घालून गेलो.

काइझर्सग्राख्तनं परत आलो. होडी धक्क्याला लावताना आणखी एकदा धडकलो, पण ते मोजत नाहीत.

जेवून पायी निघालो, कारण मला एक इमारत बघायची होती. आउदे होखस्त्रातवर डच ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं मुख्यालय आहे, विटांचं, आत चौक. आता तिथे विद्यापीठ भरतं. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती. तिच्या भिंतींवर वाढलेल्या झाडांची मुळं धरून आम्ही लहानपणी वर चढायचो. गावात तिला नुसतं 'वखार' म्हणतात. तिचा हिशेब ज्या घरात पोचायचा, त्या घराच्या चौकात माझी लेक बाकावर बसून बुटातला खडा काढत होती. मनात काय आलं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. पण इथली भिंत प्लास्टर-बिस्टर करून ठणठणीत ठेवलीय आणि आपल्याकडची मुळांनी धरून ठेवलीय, हे मात्र टोचलं.

रविवारचं सांगण्यासारखं नाही. दिवसभर पाऊस, आणि संग्रहालयाबाहेर रांग.

म्हणून शनिवारच्या शेवटच्या तासावर येतो. वखारीच्या त्या मालकघरापासून पाच-सात मिनिटांवर स्तोपेरा आहे, नगरपालिका आणि ऑपेरा एकाच छपराखाली. तिथे एक पितळी खुंटी आहे. तिचा माथा म्हणजे 'शून्य'. नेदरलँड्समध्ये उंची मोजायची ती या शून्यापासून, आणि जर्मनीतही त्याचाच आधार, म्हणजे ड्युसेलडॉर्फमधलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घरसुद्धा. जवळच पाणी भरलेल्या काचेच्या तीन उंच नळ्या आहेत. एकीत पाणी पार डोक्याच्या वर. १९५३ च्या पुरात दक्षिणेला फ्लिसिंगनला समुद्र तिथवर चढला होता. त्या पुरात या देशात अठराशेहून जास्त माणसं गेली. उरलेल्या दोन नळ्यांत या घडीची समुद्राची पातळी दिसते, एकीत फ्लिसिंगनची, दुसरीत किनाऱ्यावरच्या आयमाउदनची.

लेकीनं आयमाउदनच्या नळीवर पाण्याच्या रेघेशी बोट टेकवलं आणि म्हणाली, थांबायचं. बायको बाकावर बसली. दहा मिनिटांनी बघितलं तर पाणी बोटाच्या वर गेलं होतं.

मी आबांना फोन लावला. कॅमेरा नळीसमोर धरला. "आबा, भरती गावली. ही बघा."

ते बराच वेळ बघत राहिले. "बाटलेत भरून ठेवल्यानी?"

"समुद्रात चढता तशी हयसर चढता."

"मगे ठीक," आबा म्हणाले, आणि मुद्द्यावर आले. "मासळी काय खाल्लंस?"

"हेरिंग. कच्चोच. वर कांदो."

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, नेटवर्क गेलं.