लॅम्पार्डची पहिली बरोबरी

चेल्सी या लंडनच्या फुटबॉल क्लबसाठी २११ गोल करून क्लबच्या इतिहासात अग्रस्थानी राहिलेला फ्रँक लॅम्पार्ड जुलै २०१९ मध्ये मॅनेजर म्हणून परतला, तेव्हा त्याचा पहिला सामना घरच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर नव्हे, तर डब्लिनमध्ये बोहेमियन्स या आयरिश क्लबविरुद्ध होता. हंगामापूर्वीची मैत्रीपूर्ण लढत. मिशी बात्शुआयीने लवकरच गोल केला आणि अगदी शेवटी यजमानांनी १–१ अशी बरोबरी साधली.

अशा निकालाची कोणी फारशी दखल घेत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर घातलेली बंदी आणि एडन हॅझार्डचे रेआल माद्रिदला जाणे, यांमुळे लॅम्पार्डला हाताशी असलेल्या खेळाडूंतूनच संघ उभारायचा होता, त्यामुळे सरावाच्या प्रत्येक मिनिटाला एरवीपेक्षा अधिक किंमत होती. मेसन माउंट आणि टॅमी अब्राहम हे अकादमीतले तरुण त्याच हंगामात नावारूपाला आले.

प्रेक्षकांच्या टाळ्या जुन्या गोलांसाठी असतात (मीही वाजवल्या असत्या), पण मॅनेजरला ती पुण्याई फार काळ पुरत नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडने चेल्सीला ४–० असे हरवले. पुढे संघ चौथा आला, तरी जानेवारी २०२१ मध्ये क्लबने लॅम्पार्डला पदावरून दूर केले.