वेदगंगेत बंधारा ते बंधारा: जत्राट ते भोज

जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, भोजवाडी-कुन्नूर. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी भागाबाहेरच्या माणसाच्या कानावर ही जोडनावं फक्त पावसाळ्यात पडतात, तीही 'बंधारा पाण्याखाली, वाहतूक बंद' अशा बातमीत. पाणी उतरलं की नावंही विसरली जातात. पण वल्हं घेऊन वेदगंगेत उतरायचं असेल तर हीच नावं म्हणजे तुमचा नकाशा. दिवाळीनंतर इथली नदी अखंड वाहत नाही, तिचे बंधाऱ्यागणिक डोह होतात आणि एका डोहाचं पाणी दुसऱ्यासारखं नसतं. त्यामुळे आमची वल्हवारी आणि पाण्याची मोजणी, दोन्ही बंधारा ते बंधारा चालतात.

आधी बंधाऱ्याविषयी, कारण या नदीत जीव घेणारी मुख्य वस्तू तीच आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, मध्ये साधारण दोन-दोन मीटरचे गाळे, आणि खांबांना उभ्या खाचा. पाऊस संपला की या खाचांत बरगे, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी फळ्या, बसवतात. बरग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या फटीत माती ठासतात, म्हणजे गळती थांबते. मे अखेरीस किंवा पहिल्या पावसाआधी बरगे काढले नाहीत तर पुराचा फुगवटा वरच्या शेतांत घुसतो. वरून रस्ता जातो, म्हणून गावात त्याला पूलच म्हणतात.

बरगे घातलेले असताना पाणी त्यांच्या डोक्यावरून पातळ पडद्यासारखं खाली पडतं. वरून बघणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटतं. खाली मात्र पडणारं पाणी तळाला जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं, आणि त्या फिरत्या पाण्यात सापडलेली होडी किंवा माणूस आपसूक बाहेर पडत नाही. वरच्या बाजूला धोका वेगळा. एखादा बरगा निखळला असेल तर त्या फटीकडे पाणी ओढ घेतं आणि पृष्ठभाग शांत असल्याने ती ओढ डोळ्यांना दिसत नाही. बरगे काढलेले असतानाही गाळ्यातून होडी घालायची नाही. होडी आडवी झाली की दोन खांबांवर अडकते आणि पाणी तिला मधोमध वाकवतं. म्हणून नियम एकच: बंधाऱ्याच्या किमान १०० मीटर आधी काठाला लागायचं, होडी उचलून रस्ता ओलांडायचा आणि खाली तेवढंच अंतर सोडून पाण्यात टाकायची. 'एवढं काय, ओढून नेऊ' म्हणणारा गटात एकतरी असतोच. त्याला त्या दिवशी काठावरची गाडी चालवायला द्यावी.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. जून ते सप्टेंबर विचारही करू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात याच वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं होतं. फेब्रुवारीनंतर पाणी घटतं आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाढतं. निघायच्या आदल्या दिवशी वर पाटगाव धरणातून पाणी सोडलं आहे का, याची चौकशी करायची. आवर्तन चालू असेल तर बंधाऱ्यावरून पडणारं पाणी जाड होतं आणि उचलून नेण्याची जागाही बुडते.

होडीला लांब, टोकदार कयाक कशाला? उघडी, वर बसायची प्लास्टिक कयाक बरी. उलटली तरी पाणी भरत नाही आणि चिखलात ओढता येते. ५० न्यूटन उचल असलेलं, वल्हवण्यासाठीचं लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच. पट्टा कसून खांद्याला धरून वर ओढायचं. कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधायची, खिशात नको. एक लांब फुंकर म्हणजे 'इकडे बघा', तीन म्हणजे संकट. पुढच्या आणि मागच्या होडीत १५ ते २० मीटर तरंगत्या दोरीची थैली, एक जादा वल्हं आणि चांगली सुरी. सुरी कशाला ते पुढे येईलच. चप्पल घालून कुणी आलं तर परत पाठवायचं. गाळात पाय रुतला की चप्पल तिथेच राहते आणि काचेवर पाय पडतो. इथे जुने लोक गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, बसून नदी ओलांडायचे. पुरात अजूनही कुठे कुठे काहिल बाहेर निघते. ती गोल असल्याने वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला फिरते, म्हणून ती एका काठावरून दुसऱ्या काठाला जाण्यापुरतीच. खाली सिदनाळपर्यंत नेण्याचा उत्साह कुणी करू नये.

आम्ही सहाला जत्राटला काठावर असतो. नऊनंतर वारा उठतो आणि साचलेल्या पाण्यावर समोरचा वारा असला की नवख्यांचा वेग निम्म्यावर येतो. नवखे धरून ताशी ३ किलोमीटरच्या हिशेबानेच दिवस आखायचा, त्यात प्रत्येक बंधाऱ्याला पाऊण तास वेगळा. सुरुवातीला दोन्ही काठ उंच, मातीचे, वर उसाचे फड. पाण्यातून ऊस दिसतच नाही, फक्त सळसळ ऐकू येते. मग मोटरी सुरू होतात. काठावर दर थोड्या अंतराने एक पाइप पाण्यात गेलेला, टोकाला फूटवाल (पाणी आत घेणारी झडप), तो तरंगत ठेवायला रिकामं पिंप किंवा कॅन बांधलेला, आणि वायर कधी खांबावरून तर कधी सरळ काठावरून आलेली. पाइपांना आधार म्हणून पाण्यावर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. पहाटेच्या धुक्यात त्या गळ्याच्या उंचीवर येतात. पुढच्या होडीतल्याने हात वर केला की सगळ्यांनी वल्हं थांबवायचं.

एका मळ्यावरून आवाज आला, "अण्णा, पलीकडनं जावा! वायर पाण्यात हाय, लाईट आली की मोटर चालू हुतीया."

ही सूचना कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. शेतीची थ्री-फेज लाईट आठवड्यागणिक वेळ बदलते. त्या आठवड्यात ती केव्हा येते हे आदल्या दिवशी दोन्ही काठांच्या गावांत विचारून ठेवायचं आणि लाईट असताना मोटरीच्या काठाने जायचं नाही. लाईट नसली तरी वायरीला हात नाही.

होडीतून जाण्याचा खरा फायदा नाले मोजताना कळतो. रस्त्यावरून गावाचं सांडपाणी दिसत नाही; ते झाडीमागून नदीत पडतं. पाण्याच्या पातळीवरून प्रत्येक तोंड दिसतं आणि बरेचदा आधी वास येतो. प्रत्येक नाल्याला क्रमांक, फोनवरून ठिकाण, दोन फोटो (एक तोंडाचा, एक काठावरची खूण येईल असा), रंग, फेस आहे का, वाहतो की ठिबकतो. एवढं एका ओळीत लिहायचं. वही पेन्सिलीने लिहायची, बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही.

पाण्यातला प्राणवायू मोजायची वेळ पहाट. रात्रभर शेवाळ आणि केंदाळ प्राणवायू वापरतात, बनवत नाहीत, त्यामुळे उजाडताना तो सर्वांत कमी असतो. दुपारी दोनला मोजून 'पाणी चांगलं आहे' म्हणणं म्हणजे पोरगं झोपेत असताना शांत आहे म्हणण्यासारखं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची आणि बूच पाण्यातच लावायचं. एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा. मग मँगनीज सल्फेट २ मिलिलिटर, त्यावर अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर समजा त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. रसायनाचा पुढचा भाग, म्हणजे संहत गंधकाम्ल २ मिलिलिटर आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन (थेंब थेंब टाकून मोजणी), होडीत कधीच नाही. काठावर, सपाट जागी, हातमोजे आणि चष्मा घालून. २०० मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं तर लागलेले मिलिलिटर हाच लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट किमान ५ आहे.

बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायला, वेगळी बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते, म्हणून शुक्रवारी नमुना देण्याआधी सोमवारी प्रयोगशाळेत कुणी असेल का ते विचारा. नमुने प्रत्येक बंधाऱ्याच्या वर आणि खाली असे जोडीने घ्यायचे. बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात हवा मिसळते आणि खाली आकडा वाढलेला दिसतो. फक्त खालचाच नमुना घेतला तर वरचा आजारी डोह निसटतो.

केंदाळ काढणं हा बहुतेक नदीसफाई मेळाव्यांचा आवडता कार्यक्रम, कारण फोटो चांगले येतात. होडीतून दोरीने वेढा घालून ते काठाकडे ओढता येतं, पण ओलं केंदाळ बहुतांशी पाणीच असल्याने भयंकर जड. एका कयाकवर पोत्याच्या वर घेऊ नये. खरी चूक पुढे होते. काढलेलं केंदाळ पाण्याच्या कडेलाच टाकतात आणि पहिल्या पुरात ते पुन्हा नदीत. ते पूररेषेच्या वर, एखाद्या मळ्याच्या बांधावर कंपोस्टला न्यायला हवं, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली आधी ठरवायला हवी. ट्रॉली नसेल तर केंदाळाला हात लावू नका, नाले मोजा. तणनाशक मारणं तर नकोच. मेलेलं केंदाळ बुडून कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं.

सुरी लागते ती कापडांसाठी. पुरात वाहून आलेल्या साड्या, चादरी, नदीत सोडलेले कपडे झाडांच्या मुळांना गुंडाळून बसतात. हाताने ओढली तर होडी झाडाकडे जाते, साडी सुटत नाही. एकाने मुळी धरायची, दुसऱ्याने कापायचं. कीटकनाशकाच्या बाटल्या वेगळ्या पोत्यात, झाकण न उघडता.

परवानगीचं काम रुक्ष पण टाळता न येणारं. बंधारे पाटबंधारे खात्याचे, काठ ग्रामपंचायतींच्या हद्दीत, म्हणून अर्ज दोन्हीकडे, शिवाय पोलीस ठाण्यात माहिती. अर्ज कानडीत लिहून न्या, सोबत मराठी प्रत जोडा. गावातल्या फलकावर दोन्ही लिपी ठेवल्या की चौकशीला उत्तरं देत बसावं लागत नाही. नदीचा प्रश्न भाषेच्या वादात ओढणाऱ्याला चहा पाजून बाजूला बसवावं, कारण नाल्याचा दोन्ही भाषांत सारखाच घाण वास येतो.

भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते. दूधगंगा काळम्मावाडीच्या मोठ्या धरणाखालची, म्हणून इथे पात्र रुंदावतं आणि पाण्याचा रंगही बदललेला दिसतो. नवख्यांचा प्रवास आम्ही इथेच थांबवतो. पुढे मलिकवाड-दत्तवाडकडे नदीच राज्याची हद्द होते. डावा काठ महाराष्ट्राचा, उजवा कर्नाटकाचा. ११२ लावला तर टॉवरप्रमाणे कुठल्याही राज्यात फोन लागू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या ठाण्यांचे नंबर वहीच्या मुखपृष्ठावर लिहायचे. आणखी खाली कल्लोळला ही नदी कृष्णेत जाते आणि कृष्णेत मगरी आहेत. थंडीत त्या ऊन खायला वाळूवर, काठावर पडतात. तिथे पाय पाण्यात सोडून बसायचं नाही आणि जेवायला काठ निवडताना आधी चिखलातल्या खुणा बघायच्या.

भोजला होड्या वर काढल्या की धुवायच्या आणि कोरड्या करायच्या, कारण तळाला चिकटलेला केंदाळाचा एक तुकडा पुढच्या नदीत नवी वसाहत उभी करतो. मग नाल्यांच्या यादीची प्रत ज्या त्या ग्रामपंचायतीत द्यायची आणि पोच घ्यायची. पोच मागितल्याशिवाय देत नाहीत, हे लक्षात असू द्या. मे महिन्यात बरगे निघायच्या आधी तीच यादी घेऊन पुन्हा यायचं, त्याच क्रमांकांसमोर.