कागद काळा होईपर्यंत

कोरियातल्या शाळकरी मुलांना ‘क्कामजी’ हा प्रकार चांगलाच परिचयाचा असतो. नवा इंग्रजी शब्द पाठ करायचा म्हणजे तो पुन्हापुन्हा लिहीत राहायचे, ओळी संपल्या की ओळींमधल्या मोकळ्या जागेत लिहायचे, आणि कागद काळाठिक्कर पडेपर्यंत हात थांबवायचा नाही. कधी ही शिक्षकांनी दिलेली शिक्षा असते, कधी मुलाने आपणहून पत्करलेली तपश्चर्या. आपल्याकडे कागद काळे करणे हा हौशी लेखकांना मारायचा टोमणा आहे. तिथे तो अभ्यासाचा पुरावा ठरतो.

जोडीला शब्दांची वही असतेच. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे कोरियन अर्थ. उजवा रकाना झाकायचा, पुटपुटायचे, हळूच डोकावून पाहायचे. संध्याकाळी ‘हागवोन’ या खासगी शिकवणीत त्याच शब्दांची चाचणी होते आणि जो त्यात अडकतो, त्याला पुष्कळदा फेरचाचणीसाठी थांबावे लागते.

या सगळ्याची दिशा नोव्हेंबरातल्या ‘सुनुंग’ या प्रवेशपरीक्षेकडे असते. तिच्यातला इंग्रजीचा पेपर ७० मिनिटांचा, ४५ प्रश्नांचा. त्यांतले १७ प्रश्न ऐकून सोडवायचे. त्या श्रवणाच्या वेळी आवाजाचा व्यत्यय नको म्हणून देशभरातली विमानांची उड्डाणे आणि उतरणी सुमारे ३५ मिनिटे थांबवतात. वर्षानुवर्षे हाताने आणि डोळ्यांनी गिरवलेल्या शब्दांना कानाने ओळखता यावे यासाठी एवढा थाट करावा लागतो, याची मला गंमत वाटते आणि थोडी कणवही येते.

कारण हात स्पेलिंग पक्के करतो, उच्चार नव्हे. हांगुल लिपी कोरियन भाषेसाठी अत्यंत नेटकी असली, तरी तिच्यात इंग्रजी एफसाठी स्वतंत्र अक्षर नाही; त्यामुळे ‘फाइल’ आणि ‘पाइल’ ही दोन्ही अगदी सारखीच लिहिली जातात. (‘इस्कूल’ म्हणत वाढलेल्यांनी हसण्याचे कारण नाही.) शिवाय जोडाक्षरांची सोय नसल्याने प्रत्येक सुट्या व्यंजनाला स्वराचा आधार द्यावा लागतो आणि इंग्रजीत एका दमात उच्चारला जाणारा ‘स्ट्राइक’ कोरियनमध्ये ‘सु-थु-रा-इ-खु’ असा पाच अक्षरांचा होतो. इंग्रजीच्या तासाला हा उच्चार चुकीचा ठरेल. सोलच्या जाम्शिल मैदानावर बेसबॉल पाहणाऱ्यांना मात्र तो पहिल्या झटक्यात कळतो.